निबंधाची वही

शाळेंतल्या कोणत्या विषयाच्या तासाला मुलें सर्वांत अधिक कंटाळतात, असें विचारलें तर गणित किंवा व्याकरण यांचीं नांवें प्रथम पुढें येतील. आमचा अनुभव निराळा आहे. गणित न येणारा मुलगा निदान भितो. आणि भिणें हेंही एक प्रकारचें लक्ष देणेंच आहे. निबंधाच्या तासाला मुलगा भीतही नाहीं. फळ्यावर विषय पडला कीं तो लेखणीचें टोक दांतांत धरतो, शेजाऱ्याच्या वहींत डोकावतो, आणि तीन-चार ओळी खरडून झाल्या कीं किती झाल्या हें मोजूं लागतो. ह्या मुलाला आपण 'लेखनाची आवड नसलेला विद्यार्थी' असें नांव देतों आणि आपल्यापुरता प्रश्न सोडवून टाकतों.

आमच्या मतें हें नांव चुकीचें आहे. तोच मुलगा मधल्या सुटींत कालचा क्रिकेटचा सामना मित्रांना कसा सांगतो, तें जरा उभें राहून ऐकावें. कोठून आरंभ करावा, कोणती गोष्ट गाळावी, कोठें आवाज खालीं आणावा, शेवटचा चेंडू किती वेळ हवेंत ठेवावा, हें त्याला कोणीं शिकविलेलें नसतें. तरी ऐकणारांपैकीं एकही जागचा हलत नाहीं. थोड्या वेळापूर्वीं ज्याला चार वाक्यें सुचत नव्हतीं त्याच्या तोंडीं ही वाणी येते कोठून? उत्तर साधें आहे. येथें त्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं आहे, आणि तें ऐकण्यास कोणी तरी उत्सुक आहे. निबंधाच्या वहींत ह्या दोहोंपैकीं एकही गोष्ट नसते. विद्यार्थी लिहीत नाहीं, कारण आपण त्याला वाचक दिलेला नाहीं, असें आमचें म्हणणें आहे. तें पडताळून पाहण्यासाठीं रशियांतील एका जुन्या लेखाकडे वळावयाचें आहे. परंतु तत्पूर्वीं आपल्या घरचा निबंध कसा आहे हें पाहूं.

'निबंध' ह्या शब्दाला मराठींत मोठा मान आहे. १८७४ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाला' सुरू केली आणि तिचे ८४ अंक जवळजवळ एकट्याच्या लेखणीवर चालविले. मालेचा आरंभ केला तेव्हां ते सरकारी नोकरींतले शिक्षक होते. त्यांच्या मतांविषयीं आज कोणाला कांहींही वाटो. पण त्या पानांतील मनुष्याला कांहीं तरी सांगावयाचें आहे, कोणाशीं तरी भांडावयाचें आहे आणि वाचकाला आपल्या बाजूस ओढावयाचें आहे, ह्याविषयीं शंका राहत नाहीं. तिकडे फ्रान्समध्यें माँटेननें १५८० सालीं आपल्या लेखसंग्रहाला जें नांव दिलें त्याचा अर्थ नुसता 'प्रयत्न' असा आहे. अमुक विषयावर आपल्याला काय वाटतें हें अजमावून पाहण्याचा प्रयत्न. निबंध म्हणजे नीट बांधलेलें, आणि त्याचा हा फ्रेंच भाऊबंद म्हणजे करून पाहिलेलें. आपल्या शाळेनें बांधणें तेवढें ठेवलें आणि करून पाहणें टाकून दिलें. आरंभीं एक सुभाषित, मध्यें तीन परिच्छेद, शेवटीं एक उपदेश. गांठ पक्की बसली, पण गांठोड्यांत कांहीं राहिलें नाहीं.

विषयही ठरलेले असतात. एक वर्णनाचा, 'पावसाळ्यांतील एक दिवस'. एक आत्मवृत्ताचा, 'फाटक्या पुस्तकाचें मनोगत'. एक कल्पनेचा, 'सूर्य उगवला नाहीं तर'. एक आवडीचा, 'माझा आवडता सण'. ह्या विषयांत मुळांत वाईट असें कांहीं नाहीं. एखादा चांगला लेखक ह्यांतूनही कांहीं काढून दाखवील. वाईट आहे तें हें कीं, मुलानें काय लिहावयाचें तें शिक्षकाला आधींच ठाऊक असतें, आणि शिक्षकाला तें ठाऊक आहे हें मुलालाही ठाऊक असतें. ज्याला सर्व कांहीं माहीत आहे त्याला पत्र कोण लिहील? शिक्षक वही वाचतो तो काय लिहिलें आहे हें पाहण्यासाठीं नव्हे, कोठें चुकलें आहे हें पाहण्यासाठीं. अशा वाचकापुढें कोणताही शहाणा मनुष्य जें करील तेंच आपलीं मुलें करतात: स्वतःचें कांहीं बाहेर काढीत नाहींत, बाजारांत मिळणाऱ्या निबंधांच्या पुस्तकांतलीं वाक्यें पुढें करतात. उसन्या वाक्यांत दोष निघाला तरी तो मनाला लागत नाहीं. आतां तर विषय सांगतांच क्षणांत निबंध लिहून देणारीं यंत्रें निघालीं आहेत, आणि आमचे कांहीं सहाध्यापक त्यामुळें संतापलेले आहेत. आम्हांला यंत्राचा तितका राग येत नाहीं. जो निबंध यंत्रानें लिहिला तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, तो मुलानें लिहिला तेव्हां तरी कोणाला काय मिळत होतें, हा प्रश्न त्यानें आपल्यापुढें उभा केला आहे. आणि तो बरोबर आहे.

आतां त्या जुन्या लेखाकडे येऊं. 'युद्ध आणि शांति' लिहिण्यापूर्वीं कांहीं वर्षें लिओ टॉलस्टॉय हा खेड्यांतला शाळामास्तर होता, ही गोष्ट त्याच्या कादंबऱ्यांच्या तेजांत झांकून गेली आहे. तुला प्रांतांतील यास्नाया पोल्याना ह्या आपल्या गांवीं १८५९ सालीं त्यानें शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा चालू केली, मध्यंतरीं युरोपांतल्या शाळा हिंडून पाहिल्या, आणि १८६२ सालीं गांवाच्याच नांवाचें एक मासिक काढलें. रशियांतील भूदासांची मुक्तता होऊन तेव्हां एकच वर्ष झालें होतें. त्या मासिकांतील एका लेखाचें शीर्षक म्हणजे एक प्रश्नच आहे: लिहावयास कोणीं कोणापासून शिकावें, शेतकऱ्यांच्या मुलांनीं आमच्यापासून, कीं आम्हीं त्यांच्यापासून?

आरंभीं टॉलस्टॉयच्या शाळेचीही गत आपल्यासारखीच झाली होती. सोपें म्हणून मुलांना साध्या वस्तूंचें वर्णन लिहावयास दिलें: धान्य, घर, झाड. मुलें रडकुंडीस आलीं. धान्य कसें उगवतें, त्याचा पाव कसा होतो, असे विषयाचे तुकडे पाडून दिले तरी लेखणी हलेना; आणि ज्यांनीं लिहिलें त्यांनीं भलभलत्या चुका केल्या. पुढें घडलेली एखादी गोष्ट लिहावयास सांगितली, तों मुलांना बक्षीस मिळाल्यासारखा आनंद झाला. सोप्याकडून कठिणाकडे जावें हा अध्यापनाचा नियम खरा आहे. परंतु सोपें कोणतें हें आपण मोठीं माणसें ठरवितों, तेथें घोटाळा होतो. आपल्याला झाड सोपें वाटतें, कारण त्याच्या वर्णनांत गुंतागुंत नाहीं. मुलाला तेंच कठिण जातें, कारण झाडाविषयीं कोणाला काय म्हणून सांगावयाचें, हें त्याला कळत नाहीं.

एकदां टॉलस्टॉय म्हणींचा एक संग्रह घेऊन वर्गांत आला आणि एखाद्या म्हणीवर गोष्ट रचावी असें त्यानें सुचविलें. त्यानें निवडलेली म्हण अशा मनुष्याविषयीं आहे कीं जो चमच्यानें भरवितो आणि त्याच चमच्याच्या दांड्यानें डोळ्याला टोंचतो. म्हणजे जेवूं घालून उपकार बोलून दाखवितो. मुलांना तें काम आपलें वाटेना. तेव्हां टॉलस्टॉय स्वतःच लिहावयास बसला. एका शेतकऱ्यानें एका भिकाऱ्याला घरांत घेतलें, अशा आरंभाचें एक पान त्यानें लिहिलें. मुलें एकेक करून भोंवतीं जमलीं. त्यानें वाचून दाखविलें. तें त्यांना आवडलें नाहीं. हें असें होणार नाहीं, तो असें बोलणार नाहीं, अशा हरकती निघूं लागल्या. आणि पाहतां पाहतां रशियांतील एक नामवंत लेखक लेखनिक झाला व फेडका आणि स्योमका हीं दोन मुलें मजकूर सांगूं लागलीं. संध्याकाळीं सातपासून रात्रीं अकरापर्यंत हें चाललें. कोणाला भूक लागली नाहीं, कोणी थकलें नाहीं, आणि टॉलस्टॉयचा हात थांबला कीं मुलें रागावत.

त्या गोष्टींतील एक बारीकशी खूण टॉलस्टॉयनें फार जपून सांगितली आहे. थंडीनें गारठलेल्या म्हाताऱ्यासाठीं शेतकरी आपल्या एका सोयऱ्याला हांक मारतो, आणि तो सोयरा येतो तो अंगांत बायकी कोट घालून. हा कोट फेडकानें घातला. असें कां, हें त्याला सांगतां येईना. पण पुरुषी कोट चालेल का म्हटलें तर तो नको म्हणाला. टॉलस्टॉयच्या मतें ह्या एका कोटानें सारी रात्र डोळ्यांपुढें उभी राहते: हिंवाळा, घाई, आणि जो पहिला हाताला लागला तो अंगावर ओढून बाहेर पडलेला मनुष्य. पुढें तें हस्तलिखित मुलांच्या कागदी खेळांत फाटून नाहींसें झालें. टॉलस्टॉय फार हळहळला. तेव्हां त्या दोघांनीं त्याच्याच घरीं रात्रींचा मुक्काम करून गोष्ट पुन्हां लिहून काढली. ज्या शाळेंत धान्यावर चार ओळी लिहितांना मुलांना रडूं येत होतें, त्याच शाळेंतलीं हीं मुलें होतीं.

लेखाच्या अखेरीस टॉलस्टॉयनें चार नियम दिले आहेत. विषय पुष्कळ व नाना प्रकारचे द्यावे, आणि ते मुलांसाठीं म्हणून मुद्दाम बनविलेले नसून ज्यांत शिक्षकाला स्वतःला गोडी वाटते असे गंभीर असावे. मुलांना नमुना म्हणून मुलांनीं लिहिलेलेंच वाचावयास द्यावें. मुलांचें लेखन पाहतांना वहीची स्वच्छता, अक्षर, शुद्धलेखन, इतकेंच नव्हे तर वाक्यांची रचना ह्यांविषयींही चकार शब्द काढूं नये. चौथा नियम आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. लिहिणें ही एक क्रिया नसून अनेक क्रियांचें ओझें आहे: सुचलेल्या पुष्कळ गोष्टींतून एक निवडणें, तिच्यासाठीं शब्द शोधणें, तिची जागा ठरविणें, आधीं सांगितलेलें पुन्हां न सांगणें, पुढचें मागच्याशीं जोडणें, आणि हें सर्व करीत असतांना विचाराचा धागा न तोडतां तें कागदावर उतरविणें. सगळें ओझें एकदम मुलाच्या डोक्यावर न देतां त्यांतला कांहीं भाग प्रथम शिक्षकानें उचलावा, आणि मग हळूहळू एकेक भाग मुलाकडे सोंपवावा.

ह्या लेखाची स्तुति करणें सोपें आहे. त्याची पारख करणें अधिक उपयोगाचें. उत्साहाच्या भरांत टॉलस्टॉय जर्मन कवि गटे यालाही ह्या मुलापुढें उणा ठरवितो. आणि मनुष्य जन्मतः पूर्ण असतो, शिक्षणानें तो बिघडतो, हा रूसोचा सिद्धान्त त्या पायावर उभारतो. तो आम्हांला पटत नाहीं. फेडकाची पाटी कोरी नव्हती. घरच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी, शेजाऱ्यांचीं भांडणें, गांवच्या म्हणी हें सारें जन्मापासून त्याच्या कानांवर पडत होतें. तेंही शिक्षणच होतें, आणि शाळेच्या शिक्षणाहून पुष्कळ जुनें होतें. शिवाय ह्या लेखाचा सारा भार मुख्यतः दोन मुलांच्या प्रतिभेवर आहे. बाकीचे बाक आपल्याला नीट दिसत नाहींत. मुलांपुढें बसलेला लेखनिकही साधा मास्तर नव्हता. कोणती सूचना घ्यावी आणि कोणती सोडावी हें ओळखणारा कान त्याच्याजवळ होता. आणि त्याच्यापुढें परीक्षा नव्हती, ८० वह्यांचा गठ्ठा नव्हता. १८६२ सालच्या उन्हाळ्यांत त्याच्या घरीं पोलिसांची झडती झाली, त्याच सालीं त्याचें लग्न झालें, आणि शाळेचा प्रयोग थंडावला. जो प्रयोग तीन वर्षें चालला तो तीस वर्षें नोकरी करणाऱ्या शिक्षकाला जसाच्या तसा लागू पडेल, असें म्हणणें धाडसाचें होईल.

इतकी वजाबाकी करूनही जें उरतें तें थोडें नाहीं. टॉलस्टॉय ज्याला मुलाच्या निसर्गदत्त पूर्णतेचा विजय समजतो, तो आमच्या दृष्टीनें दुसऱ्याच गोष्टीचा विजय आहे. नुसती म्हण पुढें ठेवली तेव्हां मुलांनीं लिहिलें नाहीं. शिक्षकानें स्वतः लिहिलें, तें त्यांना पटलें नाहीं, आणि तें सुधारण्याचा अधिकार त्यांना मिळाला, तेव्हां तीं लिहितीं झालीं. आपल्या शाळांत लाल शाई एकाच दिशेनें वाहते. त्या रात्रीं ती उलट वाहिली. ज्याला दुसऱ्याच्या लेखनांतला खोटेपणा दाखवितां येतो त्याला खरें काय हें ठाऊक असतें. आणि ज्याचे शब्द एक मोठा मनुष्य टिपून घेत आहे, त्याला आपले शब्द टिपण्याजोगे आहेत हें वेगळें सांगावें लागत नाहीं. विद्यार्थ्याला आत्मविश्वास असावा असा उपदेश आम्ही सर्वच करतों. तो उपदेशानें आलेला आम्हीं अद्याप पाहिला नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, गोष्टी रचून मुलगा विचार करावयास कसा शिकेल? कथा सांगणें वेगळें आणि मुद्देसूद प्रतिपादन करणें वेगळें. ह्याचें उत्तर शोधण्यासाठीं रशियांत जाण्याचें कारण नाहीं. टॉलस्टॉयच्या लेखाच्या सात वर्षें आधीं तें पुण्यांत लिहिलें गेलें आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजांतल्या १४ वर्षांच्या मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्राच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च ह्या दोन अंकांत प्रसिद्ध झाला. हा शाळकरी मुलीचा निबंध आहे, आणि तो अथपासून इतिपर्यंत वादाचा निबंध आहे. वेद एका जातीचेच असतील तर आमचें धर्मपुस्तक कोणतें, असा पेंच ती प्रतिपक्षापुढें टाकते. जुन्या राजवटींत आपल्या लोकांना इमारतींच्या पायांत पुरीत असत, तें सांगते. आपल्या जातीच्या बायका बाळंत होतात तेव्हां त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतें, थंडीवाऱ्यांत त्यांना पडावें लागतें, हें सांगते. आणि अखेरीस आपल्याच लोकांकडे वळून विद्या शिकण्याविषयीं त्यांना विनविते.

निबंधाचे भाग किती व कोणते, हें तिला कोणीं शिकविलें असेल नसेल. पण तिच्यापुढें प्रतिपक्षी होता, तिच्यामागें आपलीं माणसें होतीं, आणि दोघांनाही सांगावयाचें असें कांहीं तिच्याजवळ होतें. बाळंतिणीच्या डोक्यावर नसलेलें तें छप्पर फेडकाच्या कोटाच्याच जातीचें आहे. एकच वस्तु, पण तिच्यामागें सबंध समाजाची स्थिति उभी राहते. भेद एवढाच कीं, येथें ती पुरावा म्हणून आलेली आहे. वर्णन आणि प्रतिपादन हे निबंधाचे दोन वेगळे प्रकार आहेत असें पुस्तकें सांगतात. सांगावयाचें कांहीं खरेंखुरें असलें कीं ते आपोआप एकमेकांत मिसळतात. आमच्या विद्यार्थिदशेंत निबंधाच्या तासाला हा निबंध आम्हांला कोणीं वाचून दाखविला नाहीं, आणि पुढें शिक्षक झाल्यावर वर्षानुवर्षें आम्हींही कोणाला वाचून दाखविला नाहीं.

दुसऱ्यांच्या शाळांविषयीं एवढें बोलल्यावर स्वतःच्या वर्गाविषयीं गप्प बसणें बरें दिसणार नाहीं. पंचवीस वर्षांहून अधिक काळ आम्ही महाविद्यालयांत शिकवीत आहों, आणि त्यांतील बहुतेक वर्षें आमची लाल शाई कोणाहून कमी वाहिली नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं प्रथम वर्षाच्या वर्गाची तयारी अजमावण्यासाठीं आम्हीं 'माझा आवडता सण' हाच विषय दिला. बीड जिल्ह्यांतून आलेल्या एका विद्यार्थ्यानें दिवाळीवर दीड पान लिहिलें. पणत्या, रांगोळ्या, फराळ, अंधारावर प्रकाशाचा विजय, सारें ओळखीचें. आम्हीं ११ ठिकाणीं ऱ्हस्वदीर्घ सुधारलें, १० पैकीं ५ गुण दिले, आणि खालीं शेरा मारला कीं अनुभव जिवंत हवा. त्यानंतर सहामाहीपर्यंत तो मुलगा एक ओळ लिहीना. विचारलें तर म्हणे, "सर, मला लिहितां येत नाहीं."

त्याच सुमारास टॉलस्टॉयचा हा लेख पुन्हां वाचनांत आला, आणि थोड्या संकोचानेंच आम्हीं एक प्रयोग केला. आमच्या लहानपणच्या एका सकाळचें वर्णन आम्हीं फळ्यावर लिहिलें आणि वर्गाला म्हटलें, ह्यांत खोटें काय आहे तें सांगा. बराच वेळ कोणी बोलेना. प्राध्यापकांच्या लेखनाला खोटें कसें म्हणावें? मग मागच्या बाकावरून एका मुलीनें विचारलें, "सर, सोनेरी किरणें पसरलीं तेव्हां तुम्ही जागे होतां का?" आम्ही नव्हतों. वर्ग हंसला, आम्हीही हंसलों, आणि किरणें पुसून टाकलीं. मग दुसऱ्या कोणीं मंद वारा पुसावयास लावला. तासाच्या अखेरीस फळ्यावर तीनच वाक्यें उरलीं: आजोबांच्या खोकल्यानें जाग येई, बंबाचा धूर डोळ्यांत जाई, आणि ऊन पाणी संपण्यापूर्वीं आंघोळीला कोणीं जावें ह्यावरून भावंडांचें भांडण होई. हीं तीन वाक्यें वर्गाला आवडलीं. खरें सांगावयाचें तर आम्हांलाही आवडलीं.

त्यानंतर विषय न देतां आम्हीं एवढेंच सांगितलें: तुम्हांला ठाऊक आहे आणि ह्या वर्गांत बहुधा दुसऱ्या कोणाला ठाऊक नाहीं, असें कांहीं लिहा. घरचें लिहा, बाजारचें लिहा, नाहीं तर कोणाशीं तरी वाद घाला. त्या मुलानें पाऊण पान आणून दिलें. त्याचे आईबाप ऊसतोडीला जात. दिवाळी झाली कीं मुकादमाची गाडी येई, आणि उचल घेतलेलीं जोडपीं साखर कारखान्यांच्या मुलखाकडे निघत. नवराबायको मिळून त्या हिशेबांत एकच 'कोयता' धरतात, हेंही त्यानें लिहिलें होतें. तो गांवीं आजीजवळ राही. घरांत दोनच माणसें उरत. पण पहिले तीन-चार दिवस आजी चुकून चौघांचें पीठ मळी, आणि मग परातीकडे पाहत बसे.

तो कागद हातांत घेऊन आम्ही बराच वेळ बसलों. आवडता सण म्हणून त्यानें दिवाळी निवडली होती, कारण पुस्तकांत दिवाळी तयार होती. आणि अनुभव जिवंत हवा असें आम्हीं त्याला सुनावलें होतें. ज्या सणापाठोपाठ त्याच्या घरचीं माणसें जात, त्या सणावरील त्याच्या निबंधांत आम्हांला ११ ऱ्हस्वदीर्घ दिसले होते. दुसरें कांहीं दिसलें नव्हतें.

वर्गांत तें वाचावें का, असें आम्हीं त्याला विचारलें. दोन दिवस विचार करून तो हो म्हणाला. पण मी स्वतः वाचीन, म्हणाला. त्यानें वाचलें. टाळ्या कोणीं वाजविल्या नाहींत. एका मुलानें विचारलें, "मग उरलेल्या पिठाचें काय करायची आजी?" तो म्हणाला, "भाकरी करून शेजारीं द्यायची. हें लिहायचं राहिलंच." आणि तो जागेवर बसून तें लिहूं लागला. आमच्या इतक्या वर्षांच्या शेऱ्यांनीं जें झालें नव्हतें तें वर्गमित्राच्या एका प्रश्नानें झालें. पुढें हा मजकूर भित्तिपत्रकावर लावावयाचें ठरलें, तेव्हां तो आमच्या खोलींत आला आणि म्हणाला, "सर, पीठ दीर्घ, मग पिठाचं ऱ्हस्व कां?" शाळेंतील सर्व वर्षांत हा प्रश्न त्याला कधीं पडला नव्हता. टॉलस्टॉयच्या तिसऱ्या नियमाची मर्यादा आम्हांला तेथें कळली. शुद्धलेखनाविषयीं आरंभीं गप्प बसावें हें खरें. पण तें कायमचें नव्हे, लेखन लोकांपुढें जाण्याची वेळ येईपर्यंत. पाहुणे यावयाचे असले म्हणजे घर झाडण्यास कोणी कंटाळत नाहीं. जेथें पाहुणा कधींच यावयाचा नाहीं, त्या घरांत रोज झाडलोटीची सक्ति केली तर घराचाच वीट येतो.

येथें एक धोकाही सांगितला पाहिजे. आपलें दुःख लिहा, हाही उद्यां एक सांचा होईल. निबंधांच्या पुस्तकांत त्याचे नमुने छापले जातील, आणि गरिबाच्या मुलानें आपलें घर उघडें करावें व सुखवस्तु घरच्या मुलांनीं डोळे पुसावे, असा प्रकार वर्गांत सुरू होईल. तसें होऊं नये. काय लिहावें ह्याची निवड मुलाची असावी, आणि लिहिलेलें कोणाला न दाखविण्याचा अधिकारही त्याचाच असावा. त्याच वर्गांत एका मुलीनें वडिलांच्या दुकानांत पंक्चर कसें शोधतात ह्यावर लिहिलें. ट्यूब पाण्यांत बुडवून बुडबुडा कोठें येतो तें पाहतांना दुकानांतले सारे कसे गप्प होतात, ही तिची खूण आम्ही अजून विसरलों नाहीं. एकानें ग्रंथालय ज्या वेळीं उघडतें त्याच वेळीं आमचे तास असतात, असा वाद मांडला, आणि तो प्राचार्यांकडे पाठविण्याजोगा होता. ह्यांत कोणाचे डोळे भरून आले नाहींत. पण लिहिणाराचा जीव त्यांत होता. सर्वांनाच हें साधलें असेंही नाहीं. वर्षाच्या अखेरीस कांहीं वह्या कोऱ्याच राहिल्या, आणि त्या कोणत्या उपायानें भरतील हें आम्हांला अद्याप सांपडलेलें नाहीं.

मोठ्या वर्गांत हें चालावयाचें कसें, असा शिक्षकबंधूंचा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक वहींतील प्रत्येक ओळ शिक्षकानें तपासलीच पाहिजे, हा आग्रह आधीं सोडावा लागेल. मुलांनीं एकमेकांच्या वह्या वाचाव्या आणि प्रत्येकानें दुसऱ्याला एक प्रश्न विचारावा. चूक काढूं नये, प्रश्न विचारावा. महिन्यांतून एकदां तरी शिक्षकानें आपलें स्वतःचें अर्धे पान वर्गापुढें ठेवावें आणि मुलांच्या हातीं खडू द्यावा. परीक्षेची तयारी परीक्षेच्या आधीं कांहीं आठवडे करतां येते. ज्याला लिहिण्याचें भय उरलें नाहीं तो तिचा सांचाही लौकर उचलतो.

ह्या मासिकाच्या वाचकांत शिक्षकांपेक्षां आईबापांची संख्या अधिक असणार, म्हणून शेवटचे दोन शब्द त्यांच्यासाठीं. मुलाची वही हातीं आली कीं आपली दृष्टि प्रथम अक्षराकडे आणि गुणांकडे जाते. आमचीही जात असे. तसें न करतां एकदां तें सारें वाचावें, आणि जेथें कांहीं खरें लागलें असेल तेथें थांबून, "मग पुढें काय झालें?" एवढें विचारावें. विचारतांना उत्तर आपल्याला ठाऊक नसावें, ही एकच अट आहे. मुलें हें चटकन ओळखतात. एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.